गाय कोरडी, माणसं ओली

मी एक जुनी फळी आहे आणि मला स्वस्थ पडून राहता येत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो गोंधळ झाला तो माझ्या याच खोडीवरून झाला. ऊन तापलं की मी आक्रसते, माझ्या कडा वर उचलल्या जातात आणि मी कुरकुरते. हवेत ओल आली की फुगते, सपाट होते, शेजारणींना खेटून बसते. हे रोजचंच. माझ्यासारख्या सहाशे जणी त्या एका छपरावर रचलेल्या होत्या. त्या घरात बाकी सगळं होतं, वर शांतता तेवढी नव्हती.

माझा जन्म सामचोकच्या डोंगरातल्या एका लाल पाइनच्या खोडातून झाला. शिम हाकबोंग नावाच्या शेतकऱ्याने मला घडवलं, पण करवतीने नाही. करवत लाकडाच्या रेषा मध्येच तोडते, तुटलेल्या रेषांतून पाणी आत शिरतं आणि फळी चार पावसाळ्यांत कुजते. हाकबोंगनी खोडावर कुऱ्हाडीची धार टेकवली, वर मोगरीचा ठोका दिला आणि मी माझ्या रेषेने उकलले. त्यामुळे माझी पाठ गुळगुळीत नाही. तिच्यावर झाडाच्याच बारीक पन्हळी आहेत आणि पाणी त्यांतून खाली पळतं. मला याचा थोडा गर्व आहे. थोडा कशाला, चांगलाच आहे.

हाकबोंगनी आम्हांला वळचणीपासून आढ्याकडे रचत नेलं. खालच्या दोघींच्या मधल्या फटीवर वरचीचं पोट आलं पाहिजे, एवढा एकच नियम. खिळा एकही नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून वर आडव्या काठ्या आणि ओढ्यातले दगड ठेवले. दगड जड होते, पण आम्हांला हलायला मोकळीक देत.

खालून पाहणाऱ्याला मात्र आमचं छप्पर म्हणजे चाळण वाटे. कोरड्या दिवसांत आम्ही आक्रसलो की फटींतून आभाळ दिसायचं आणि दुपारी जमिनीवर कवडसे पडायचे. हाकबोंगची बायको हाजांग गावची, म्हणून सगळे तिला हाजांगदेक म्हणत. कवडसा लोणच्याच्या रांजणाला टेकला की ती बटाटे उकडायला ठेवी. चुलीचा धूर आमच्याच फटींतून बाहेर जाई आणि जाता जाता आम्हांला किडीपासून वाचवी. पाऊस आला की पहिल्या सरीला दोन-चार थेंब आत पडत. तोवर आम्ही फुगून फटी मिटवलेल्या असत.

आता विस्तवाचं सांगते, कारण घराचा सगळा जीव त्यात अडकला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीचा एक कोनाडा होता. त्यात राखेखाली निखारे पुरून ठेवलेले असत. हाजांगदेकला तो विस्तव तिच्या सासूने दिला होता, सासूला तिच्या सासूने. युद्धात घर सोडून पळावं लागलं तेव्हाही हाजांगदेकने तो मडक्यात घालून पोटाशी धरून नेला आणि परत आणला. त्या डोंगरात ज्या घरचा विस्तव विझला त्या घराचं नाक कापलं गेलं असं समजत. दुसऱ्याच्या दारात विस्तव मागायला गेलेल्या बाईची मान पुन्हा वर येत नसे.

हाकबोंग आणि हाजांगदेकला एकच लेक, बुनी. तिचं लग्न झालं तेव्हा ती सासरी गेली नाही, नवराच तिच्या घरी राहायला आला. त्याचं नाव दोंगचिल. समुद्रकाठच्या होड्या बांधणाऱ्याचा हा धाकटा मुलगा. बापाने निघताना त्याला होडीच्या खिळ्यांची एक पिशवी दिली होती, तीच त्याची सगळी इस्टेट. घरजावयाचं जिणं कसं असतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. लग्नाच्या जेवणात हाकबोंगची मोठी बहीण, बुनीची आत्या, चारचौघांत म्हणाली, "चला, बसून खाणारं तोंड वाढलं म्हणायचं एक!" सगळे हसले. दोंगचिलही हसला, पण त्याचा घास तोंडातच फिरत राहिला हे मी वरून पाहिलं.

जूनमध्ये, पावसाळा लागण्याआधी, कडक ऊन पडलं. एका दुपारी तो चुलीपाशी बसला होता आणि त्याच्या हातावर, मांडीवर कवडसे पडले होते.

"बुने, अगं घरातून आभाळ दिसतंय!"

"मग बघ की. फुकट आहे."

"थट्टा नको. होडीत एवढा उजेड आला ना, तर माणसं बुडतात."

"ही होडी नाहीये. पाऊस आला की मिटतं ते आपोआप."

"आपोआप मिटतं म्हणे! भोक काय डोळा आहे मिटायला?"

बुनी माहेरची गरिबी झाकतेय, असं त्याला वाटलं. बिचारा! त्याला आमची खोड कोण सांगणार? मी कुरकुरत होते, पण फळीची कुरकुर कोण ऐकतं?

त्याच आठवड्यात हाकबोंग खिंडीपलीकडे बहिणीकडे निघाले. तिच्याकडे धाग्यासाठी अंबाडीचे दांडे वाफवायचे होते आणि त्याला माणसं लागतात. जाताना म्हणाले, "जावईबापू, छपराकडे लक्ष असू दे." बुनी आणि हाजांगदेक दोन दिवसांसाठी वरच्या उतारावर बटाटे काढायला गेल्या. दोंगचिलने पिशवी काढली आणि तो आमच्याकडे चढून आला.

त्याने मन लावून काम केलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण चुकीचं काम मन लावून केलं की चूक जास्त घट्ट बसते. त्याने दगड खाली टाकून अंगणाला कडेने छान लावले. आम्हांला होडीच्या तळासारखं ओळीत मांडलं, कडेला कड भिडवून, मध्ये केसही जाणार नाही असं. फटीवर पोट नाही, फटीखाली फट. मग वरचीने झाकायच्या जागी नाही, उघड्या पाठीवर, पाऊस थेट पडेल अशा ठिकाणी खिळा. माझ्यातून तो गेला तेव्हा मी किंचाळले. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा मला हलता येईना. तो आक्रसलेला कोरडा दिवस जणू माझ्या अंगात ठोकून बसवला होता.

गोठा त्याच छपराखाली होता. तिथवर पोहोचेपर्यंत खिळे संपले. तेवढा कोपरा त्याने जुना होता तसाच, दगडांसकट सोडला आणि खाली उतरून लांबून पाहिलं. आमच्या रांगा इतक्या सरळ होत्या की तो स्वतःशीच हसला.

दोघी परत आल्या आणि चूल पेटवताच खोकायला लागल्या.

"जावईबापू, धूर का जात नाहीये?" हाजांगदेकने डोळे पुसत विचारलं.

"जाईल आई. नवीन आहे ना अजून."

तिने वर पाहिलं. एकही कवडसा नव्हता. जावयाला बोलायचं कसं म्हणून तिने नुसतं दार सताड उघडलं. बुनीने मात्र सोडलं नाही. "बाबांना विचारलं होतंस?"

"लक्ष ठेव म्हणाले होते. ठेवलं!"

दोन दिवसांनी आभाळ भरून आलं आणि त्या डोंगरातला पावसाळा सुरू झाला. थांबायचं नाव नाही. ओल लागताच मी सवयीने फुगू लागले, पण फुगायचं कुठे? दोन्हीकडून शेजारणी भिडलेल्या, मध्ये खिळा. आम्ही एकमेकींना रेटू लागलो. कुणाची कड वर उचलली गेली, कुणी पोटात वाकली. माझी डावीकडची शेजारीण खिळ्यापाशी उभी तडकली. तो आवाज खाली सगळ्यांनी ऐकला. मग फटीखालच्या फटींतून, तड्यांतून, खिळ्यांच्या कडेने पाणी आत आलं.

पहिला मोठा थेंब कोनाड्यात पडला. चुर्र.

हाजांगदेक धावली. तिने वर लोखंडी झाकण धरलं, पण पाणी भिंतीवरून ओघळत मागून राखेत शिरलं. बघता बघता कोनाड्यात चिखल झाला. तिने उघड्या हातांनी राख उकरली. तीन निखारे जिवंत सापडले. ते कोरड्या राखेसकट मडक्यात घालून ती कोरडी जागा शोधू लागली. खोलीत थेंब, माजघरात थेंब, पडवीत धार. शेवटी ती गोठ्यात शिरली आणि तिथेच उभी राहिली.

"बुने! इकडे ये. गाय कोरडी, माणसं ओली!"

दोंगचिलही धावत आला. गाय शांतपणे रवंथ करत होती आणि तिच्या पाठीवर एक थेंब नव्हता. त्याने हात वर करून फळ्या चाचपल्या. त्या भिजून फुगल्या होत्या, एकमेकींना चिकटून मिटल्या होत्या, आणि त्यांत खिळा नव्हता. त्याचा हात वरच राहिला.

"मीच," तो म्हणाला. "आई, हे मीच केलं."

"खिळे संपले तिथून घर सुरू झालं, जावईबापू," हाजांगदेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "इथे गवत आहे, विस्तव फुलवता येत नाही. राखेत फार तर संध्याकाळपर्यंत टिकेल. तोवर चुलीवरचं छप्पर गळायचं थांबलं पाहिजे."

तो भर पावसात पकड घेऊन वर आला. बाकीचं छप्पर त्याने सोडूनच दिलं. फक्त स्वयंपाकघरावरचा भाग. ओल्या लाकडाने खिळे आवळून धरले होते, प्रत्येकासाठी त्याला झटावं लागे. पाय घसरत होते. बोटं फुटली, माझ्या पाठीवरून पाण्याबरोबर त्याचं रक्त खाली गेलं. बुनी शिडीवर उभी राहून अंगणाच्या कडेचे दगड एकेक करून वर देत होती.

"अर्धा हात बाजूला सरकव! फटीवर पोट, फटीवर!"

"माहीत आहे गं!"

"आता माहीत आहे म्हणे!"

माझा खिळा निघाला तेव्हा दुखलं की बरं वाटलं, सांगता येत नाही. त्याने मला सरकवलं, दगड ठेवला, आणि मी हलले. अर्धवट उजेडात खाली मडक्याशी बसलेली हाजांगदेक सारखी वर बघत होती. मी कधी फुगले नसेन इतकी फुगले. शेजारणीही फुगल्या. थेंब आधी धावत पडत होते, मग चालत, मग एकेक. मग थांबले.

हाजांगदेकने कोनाड्यातला चिखल खरवडून काढला, कोरडी राख पसरली आणि मडकं ओतलं. दोन निखारे काळे पडले होते. तिसरा बोराच्या बीएवढा उरला होता. तिने त्याला भूर्जाच्या सालीचा तुकडा लावला आणि फुंकर घातली. एकदा, दोनदा, कितीदा कोण जाणे. सालीने कड धरली. त्या रात्री घरात कुणीच झोपलं नाही, आणि मीही नाही.

तिसऱ्या दिवशी ओढा उतरला आणि हाकबोंग परतले. बरोबर आत्याबाई. तिची नजर घारीची. अंगणात फेकलेली चिखलाची राख आणि वाकड्या खिळ्यांचा ढीग तिने दारातूनच टिपला.

"अरे देवा! विस्तवाच्या कोनाड्यात पाणी? आमच्या आईच्या विस्तवावर?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोणाचे हे दिवे?"

दोंगचिल पुढे झाला. त्याने तोंड उघडलं. आता हा या घरातून जाणार, असं मला वाटलं, त्यालाही वाटलं असावं.

हाकबोंगनी वर पाहिलं. भिंतीवरचे ओघळ पाहिले. जावयाची चिंध्या बांधलेली बोटं पाहिली.

"माझे," ते म्हणाले. "जाताना मीच सांगून गेलो होतो, खिळे ठोक म्हणून."

"तू? छपरावर केस पांढरे केलेस आणि तू?"

"केले ना. म्हणूनच अक्कल गहाण पडली. चल, आत चल, पोरीने धिरडी केलीत."

बटाट्याची धिरडी खाताना आत्याबाईने भावाचा असा उद्धार केला की विचारू नका. ते "हो, हो" म्हणत खात राहिले.

दुपारी दोघं वर आले. तडकलेल्या फळ्या सरपणात गेल्या. दोंगचिलने मलाही उचललं, आरपार भोक पाहिलं आणि सरपणाकडे भिरकावलं. हाकबोंग खाली उतरून मला परत घेऊन आले.

"भोक पडलं म्हणून टाकतोस? वर सरकव तिला. हिचं भोक वरच्या दोघींच्या पोटाखाली गेलं पाहिजे, म्हणजे झालं."

त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले, पुन्हा कधीच नाही. दोंगचिल पालथ्या हाताने डोळे पुसत राहिला आणि त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

याला वीस वर्षं झाली. हाकबोंग गेले, आत्याबाई गेली. विस्तव आहे, आता तो बुनीकडे आहे. कुणाचं घर गळू लागलं की लोक दोंगचिलला बोलावतात. तो आधी वर चढत नाही. खाली बसतो, धूर कुठे कोंडतोय ते बघतो, मग फटीखाली फट आली आहे का, खिळ्याचं डोकं उघड्यावर चमकतंय का, ते बघतो. मित्रांनो, तुम्हीही कधी मान वर करून आपल्या छपराकडे पाहा. ते कुरकुरत असेल तर त्याला हलू द्या. आम्ही अस्वस्थ असतो म्हणून तुम्ही स्वस्थ झोपता.

दर वर्षी पावसाआधी दोंगचिल घर शाकारायला येतो. त्याचं बोट अंधारातसुद्धा माझं भोक बरोबर शोधतं. क्षणभर तिथे थांबतं. मग तो वरच्या दोघींना नीट माझ्यावर ओढून घेतो आणि दगड ठेवतो. ते भोक अजून कुणाला दिसलेलं नाही, पाण्यालाही नाही.