नव्वदचा भाव

तिरुपूरमध्ये माणूस आपली साखर किती वाढली ते सांगतो, जावयाने किती बुडवले तेही सांगतो. फक्त आपण युरो कोणत्या भावाला विकला ते सांगत नाही. मरुदाचलमने ते सांगितलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

सांगितलं ते अर्थात बेकरीत. सकाळी देवळातून निघालेले, परदेशी कपडे पाठवणारे कारखानदार तिथे जमायचे. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट, पातळ खिशातून दिसणारा मोबाईल, हातात चहा आणि खोबऱ्याचा बन. त्या बेकरीत आजवर कोणालाही तोटा झालेला नव्हता, समोर बसलेला सोडून. मरुदाचलमला तिथे भिंतीजवळची खुर्ची होती आणि ती टिकवणं त्याला दिवसेंदिवस जड जात होतं.

आदल्या वर्षी पौंड घसरला तेव्हा त्याला शिलाई मशिनींची एक अख्खी रांग विकावी लागली होती. ती घेतली कोणी, तर त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, चेल्लमुत्तूने. भंगाराच्या भावात, पण फार प्रेमाने. "घरातलं घरात राहिलं, मापिळ्ळे," असं म्हणून त्याने मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली होती. आणखी एक वर्ष असं गेलं की मरुदाचलमला स्वतःची ऑर्डर घेणं बंद करून दुसऱ्याने कापलेलं कापड शिवून द्यावं लागणार, हे उघड होतं. तिरुपूरमध्ये हे झालं की गाडी तीच राहते, घर तेच राहतं, पण माणूस पुढच्या फाटकाने आत शिरायचा तो मागच्या फाटकाने शिरू लागतो.

म्हणून या वर्षीची हांबुर्गची ऑर्डर. तान्ह्या मुलांचे कपडे, प्रत्येकावर एक झोपलेलं कोकरू. माल बोटीवर चढला होता. दहा लाख युरो यायचे होते, पण सहा महिन्यांनी. एका युरोमागे खर्च शहाऐंशी रुपये पडला होता आणि बाजारात भाव चालू होता नव्वद.

"मामा, हे चार रुपये आत्ताच बांधून ठेवू," सून सासऱ्याला म्हणाली. याळिनी गणित शिकून आली होती आणि कारखान्याचे हिशेब बघत होती. फार बोलायची नाही, त्यामुळे घरात तिला गर्विष्ठ समजत.

"बांधायचे कसे? पैसे तर अजून जर्मनीत आहेत."

"आपण बँकेकडून आजच युरोत कर्ज घ्यायचं. सहा महिन्यांनी व्याजासकट बरोबर दहा लाख होतील, इतकंच. ते युरो आजच्या भावाने विकायचे आणि रुपये ठेवीत टाकायचे. गिऱ्हाइकाचे युरो आले की ते परस्पर कर्जाला. ठेव आपली."

"आणि मध्ये युरो उडाला तर?"

"उडू दे."

"बुडाला तर?"

"बुडू दे. आपले रुपये ठरले. उलट इथलं व्याज तिथल्यापेक्षा जास्त आहे, तेही थोडं सुटतंच."

मरुदाचलमने दोन दिवस विचार केला. त्याच्या बापाने विणकामाच्या मशिनी घेऊन कारखाना वाढवला होता. ठेव ही गोष्ट त्याच्या घरात विधवांसाठी आणि शाळामास्तरांसाठी होती. पण पौंडाची आठवण ताजी होती. त्याने सही केली. त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी गाढ झोपला. आणि सकाळी, झोप पुरी झालेल्या माणसाच्या उत्साहात, बेकरीत बोलून गेला, "मी नव्वदला मोकळा झालो."

चेल्लमुत्तूने बनाचा तुकडा चहात बुडवला आणि म्हणाला, "छान केलंस."

दीड महिन्यात युरो ब्याण्णव झाला. मग त्र्याण्णव.

आता बेकरीत मरुदाचलम आला की बोलणं थांबत नसे, उलट सुरू होई.

"या, या. चहा सांगू? की तोही जुन्या भावाने घेणार?"

"त्याला हसू नका रे. दर पैशामागे दहा हजार जातात बिचाऱ्याचे."

"जातात कुठे, हांबुर्गलाच राहतात. कोकरू झोपलंय त्यावर."

मरुदाचलमही हसायचा. घरी येऊन कॅल्क्युलेटर घ्यायचा. त्र्याण्णव वजा नव्वद, गुणिले दहा लाख. तीस लाख. ही रक्कम त्याने कधी पाहिली नव्हती, कमावली नव्हती, कोणी देऊ केली नव्हती. पण ती गेल्याचं दुःख त्याला पौंडात खरोखर गेलेल्या पैशांपेक्षा जास्त होऊ लागलं. पौंडाच्या वेळी सगळेच बुडाले, असं त्याने धरलं होतं. या वेळी तो एकटा होता.

"मामा, आपला खर्च शहाऐंशी," याळिनी म्हणाली. "चार रुपये नफा तेव्हाही होता, आजही आहे. त्यातला एक पैसा कमी झालेला नाही."

"तीन रुपये गेले गं, कण्णू."

"ते आले कधी होते?"

मरुदाचलमने कॅल्क्युलेटर बंद केला आणि तो म्हणाला, "पुस्तकातलं निराळं असतं."

युरो पंच्याण्णवला पोचला त्याच आठवड्यात भाचीचं लग्न आलं. चेल्लमुत्तूची धाकटी मुलगी, म्हणजे मुलीचा मामा मरुदाचलम. मामाचा आहेर वाजतगाजत येतो आणि सगळा मांडव उभा राहून बघतो. मरुदाचलमने हात आखडता घेतला नाही. एकावन्न ताटं नेली: रेशमी साड्या, फळं, हळकुंडं, वर सोन्याचा हार. बायकांनी हार हातात घेऊन वजन जोखलं आणि माना डोलावल्या. त्याला वाटलं, झालं, आज तरी निभावलं.

मग पंगत बसली. केळीच्या पानावर वाढप सुरू होतं. चेल्लमुत्तू व्याह्यांना घेऊन पंगतीतून फिरत होता. तो मरुदाचलमच्या पानाशी थांबला.

"अरे, इकडे ओप्पट्टू आणा. आमच्या मापिळ्ळेला दोन वाढा. नव्वदच्या भावात पोट भरत नाही त्याचं."

वाढपीसुद्धा हसला. व्याह्यांना काही कळलं नव्हतं, म्हणून ते सर्वांत मोठ्याने हसले. नंतर त्यांनी विचारलं, आणि चेल्लमुत्तूने त्यांना सगळं समजावून सांगितलं, शेजारच्या चार पानांना ऐकू जाईल अशा बेताने. "हार छान आहे हं," शेवटी तो म्हणाला. "थांबला असता तर कंबरपट्टाही आला असता."

पुरणपोळीसारखे ते दोन्ही ओप्पट्टू मरुदाचलमने खाल्ले. गोड होते की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला.

"मोडा सगळं," तो म्हणाला.

बँकेचे साहेब पालक्काडचे, सौम्य गृहस्थ. "अण्णा, ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल. आणि कर्ज आत्ताच फेडायचं तर युरो आजच्या भावाने विकत घ्यावे लागतील. पंच्याण्णव."

"उद्या शंभर होणार आहे."

"सूनबाईंना विचारलंत?"

"कारखाना माझा आहे."

नव्वदला विकलेले युरो त्याने पंच्याण्णवला परत घेतले. पन्नास लाखांच्या आसपास कमी पडले, ते कारखान्याची जागा तारण ठेवून उचलले. आतापर्यंत जो तोटा फक्त बेकरीत होता, तो आता बँकेतही झाला. पण बाहेर येताना मरुदाचलमला हलकं वाटत होतं. हांबुर्गचे दहा लाख युरो पुन्हा मोकळे झाले होते, कितीही उंच उडायला. तो तडक बेकरीत गेला आणि सगळ्यांचा चहा त्याने सांगितला.

याळिनीला संध्याकाळी कळलं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "आता खाली आला तर?"

"सगळे म्हणतात शंभर."

"सगळ्यांनी काय केलंय?"

"म्हणजे?"

"त्यांचेही युरो यायचे आहेत ना? त्यांनी विकलेत की ठेवलेत?"

हे मरुदाचलमने कधी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती.

युरो शंभर झाला नाही. शहाण्णवला टेकला आणि उतरू लागला. चौऱ्याण्णवला बेकरी म्हणाली, दम घेतोय. एक्क्याण्णवला म्हणाली, दसऱ्यानंतर बघा. अठ्ठ्याऐंशीला बेकरीत क्रिकेटवर बोलणं सुरू झालं. नवल म्हणजे मरुदाचलम सोडून कोणाचाच चेहरा उतरला नव्हता. सगळे तसेच बन बुडवत होते. हांबुर्गचे पैसे आले त्या दिवशी भाव शहाऐंशी होता. बरोबर खर्चाइतका. वरचे पन्नास लाख आणि त्यांचं व्याज मात्र कारखान्याच्या जागेवर बसून होतं.

मोठी बहीण पोन्नात्ता, चेल्लमुत्तूची बायको, समाचाराला आली. येताना मुरुक्कूचा डबा घेऊन आली, कारण समाचाराला रिकाम्या हाताने जायचं नसतं.

"तंबी, तू असा कसा रे फसलास?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"तुझा नवराच, मच्चानच म्हणत होता थांबायला हवं होतं म्हणून."

"तो?" पोन्नात्ताने पदर सावरला. "त्याने एकोणनव्वदलाच उरकलं होतं. दर वर्षी तेच करतो, बँकेतून युरो उचलायचे आणि ठेव करायची. तुला नव्वद मिळाले हे ऐकलं तेव्हा दोन दिवस धड जेवला नाही. सगळा राग त्याचाच."

"अक्का, मग मला सांगितलं का नाहीस?"

"नवऱ्याचा भाव बाहेर कोण सांगतं?" पोन्नात्ता खरोखर दुखावली. "तू विचित्रच बोलतोस."

दिवाळीचा बोनस देण्यापुरत्या मशिनी विकल्या. उरलेल्या चालू ठेवायला काम हवं होतं आणि काम द्यायला घरातलाच माणूस तयार होता. कापलेल्या कापडाचा पहिला टेम्पो मागच्या फाटकाने आला. चेल्लमुत्तू स्वतः बरोबर आला होता. त्याने नगामागचा दर सांगितला, याळिनीने सव्वा रुपया वाढवून मागितला, त्याने आठ आणे दिले.

"रुपयांत हिशेब, मापिळ्ळे. महिन्याच्या महिन्याला. ती युरोची डोकेदुखी आता माझी. तू निवांत झोप."

"बरोबर आहे," याळिनी म्हणाली. "आता कसलीच जोखीम उरली नाही." तिने वही मिटली आणि ती टेम्पोतला माल मोजून घ्यायला गेली.

मरुदाचलमने सवयीने खिशातून मोबाईल काढला. भाव सकाळपेक्षा चाळीस पैशांनी वर होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"चढतोय बघ, मच्चान. एवढ्यात विकू नकोस. माझं ऐक, थांब."

"थांबतो की," चेल्लमुत्तू गंभीरपणे म्हणाला. "तुझ्याइतका अनुभव कोणाला आहे?"

तो बाहेर पडला. खिडकीतून मरुदाचलमला त्याची पाठ दिसत होती, कानाला लावलेला फोनही दिसत होता. पालक्काडच्या साहेबांची तब्येत विचारून झाली. मग आवाज आला, "हो, सगळे युरो. आजच. कर्जाचे कागद दुपारी पाठवतो."

मरुदाचलमने मान हलवली. "घाई करतोय," तो टेबलाला म्हणाला.