हिमानीची चूल

"अजी, पाय संभाळा! चुलीले लागन ना!"

वच्छलाचं, माझ्या बायकोचं, हे रोजचंच. आजारी पोराला घेऊन जामसांवलीच्या हनुमंतापाशी मुक्कामाला आलो तेव्हापासून मला माझ्याच पायांची धास्ती वाटायला लागली होती. देवळाच्या शेडमध्ये ओळीनं माणसं पडलेली. प्रत्येकाजवळ एक दुखणेकरी, एक गाठोडं आणि एक चूल. चूल म्हणजे काय, तीन दगड. पण आमच्या चुलीचा थाट वेगळा.

शेडमधल्या लोकांनी एक रीतच पाडली होती. जो बरा होऊन घरी जाई, तो आपले दगड शेजाऱ्याच्या हवाली करून जाई. आमच्या शेजारी लोधीखेड्याचा उत्तम, त्याची बायको वंदना आणि त्यांची पोरगी हिमानी होती. पोरीला झटके यायचे. जाताना मात्र ती आपल्या पायांनी चालत, हसत गेली. वंदनानं ते दगड वच्छलापुढे मांडले. "काकू, तुमचा विनोदबी असाच हासत जाईन." झालं! तेव्हापासून ती चूल म्हणजे वच्छलाचा दुसरा देव.

विनोद आमचा एकुलता एक. नागपूरला कामावर होता, परत आला तो मुका होऊनच. भरवलं तर खाई, बसवलं तर बसे. मी पांढुर्ण्यात पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरची मोटार जळली की दुरून वास येतो. पोराचं काय जळलं, ते बापाला कळलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण वच्छला गोळीसुद्धा तीर्थासोबत द्यायची. मी चिडायचो, "देव का कंपाउंडर हाये तुया?"

त्या दिवशी गोळ्या संपल्या म्हणून सौंसरला गेलो. मेडिकलच्या पायरीवर उत्तम दिसला. डोक्याचं मुंडन केलेलं. मला काय आनंद झाला! वाटलं, पोरगी बरी झाली, नवस फेडून आला असेल.

"काय उत्तमराव, तिरुपतीले गेलते का?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "हिमानी गेली, काकाजी. न्हानीत झटका आला. दार तोडेपर्यंत..." माझी जीभ झडून का पडली नाही, असं वाटलं. निघताना त्यानं माझा हात धरला. "काकूले नोका सांगजा. लय भरोसा हाये तिले त्या चुलीचा."

परतताना ऑटोत मी हनुमंताला नाही नाही ते बोललो. एवढा डोंगर उचलणारा तू, तुला एक पोरगी जड झाली का रे? रडू येत होतं आणि रागही येत होता. राग सोपा, म्हणून तोच घेऊन शेडमध्ये शिरलो.

चुलीवर गंजात खिचडी शिजत होती. विनोद चटईवर बसला होता.

"कोनी भेटलं का?" वच्छलानं विचारलं.

"उत्तम भेटला. पोरगी मेली त्याची! आता फेक हे गोटे!" आणि मी एका दगडाला लाथ मारली. गंज कलंडला, खिचडी राखेत गेली. विनोदनं नुसतं पाहिलं.

मला वाटलं, आता ही आपल्या पोरासाठी ऊर बडवेल. तिनं तोंडावर पदर दाबला. "माय वो... वंदना कशी जगन आता?" कितीतरी वेळ ती वंदनासाठीच रडत होती. मग डोळे पुसून तिनं तो दगड परत जागेवर सरकवला. बोटं भाजली तरी सोडला नाही.

"अजून? आता काय देनार हाये हे?"

"पोरगी इथून हासत गेली ना, अजी? ते तं खोटं नोतं. तेवढं हनुमंतानंच देलं. पुढचं काऊन नेलं, मले नाई समजत. रागावली हाव मी त्याच्यावर. पन रागावाले बी तोच हाये ना माह्यापाशी."

मी चुलीपुढे उकिडवा बसलो आणि फुंकर घालायला लागलो. काड्या ओल्या. धुरानं डोळे चुरचुरले, ते बरंच झालं.

दिवस कलताना, चुलीवर चहाचं आधण असताना, एक म्हातारा आला. सोबत त्याची नात, सुचिता. तिच्या हातांचा कंप थांबत नव्हता. आल्या आल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "रामराम जी. ते बरं होऊन गेलेल्या पोरीची चूल हेच का? याच्यावरचं खाल्लं का मानूस बरा होते म्हन्ते?"

वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. मी आता काय बोलतो याची तिला भीती वाटत होती, ते मला दिसलं.

"चहा तं होते," मी म्हटलं. "बसा."

म्हातारा खालीच टेकला. सुचिता उभीच राहिली. चटईवर जागा नव्हती.

विनोदनं मान वर केली. तिच्या हातांकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे जमिनीला टेकून तो आपणहून जरासा बाजूला सरकला.

मी वच्छलाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिनं चहाच्या आधणात आणखी पाणी घातलं.