हाक एकाचीच

मित्रांनो, माझ्या अंगावरचे चरे मोजू नका, वय कळेल! मी चिली देशातल्या चिलोए बेटावरचं एक जुनं जू आहे. बेलिसारियोकाकांनी मला एका ओंडक्यातून तासलं, चरबी चोळली आणि आपल्या दोन बैलांच्या शिंगांना चामड्याच्या वाद्यांनी बांधलं. तेव्हापासून गावात कुणाचंही घर हलवायचं असलं की सगळ्यांत पुढं मी. आमच्याकडे माणूस जागा बदलतो तेव्हा लाकडी घरही ओढून नेतो. शेजारी बैल आणतात, घरधनी जेवू घालतो.

त्या दिवशी एर्मेलिंदाबाईंचं घर खाडीपलीकडे, लेकीच्या शेजारी न्यायचं होतं. भरतीच्या आत वाळू ओलांडायची होती. पण तरणा रुदेसिंदो आपली नवी जोडी घेऊन आला आणि पुढं कोण, यावरून त्याची आणि काकांची जुंपली. काका "चला" म्हणाले की हा "थांबा" म्हणे. बैल बिचारे बावचळले. अर्ध्या वाटेत घर ओल्या वाळूत रुतलं आणि पाणी चढू लागलं. मला रडूच आलं. दोन बैलांना मी जुंपतं, पण या दोघांना कुणी जुंपायचं?

एर्मेलिंदाबाई काठावर मांडलेली चूल सोडून धावत आल्या. "भांडा खुशाल. पण घर बुडालं तर मी म्हातारीनं राहायचं कुठं?"

काकांनी मागं वळून पाहिलं. घर एका अंगाला कलत होतं आणि पुढच्या कुणालाच ते दिसत नव्हतं. त्यांनी मला हलकेच थोपटलं.

"रुदे, हाक तू दे. मी मागून घर बघतो."

"तुमचे बैल माझं ऐकतील, काका?"

"माझं तर बायकोही ऐकत नाही. तू हाक दे रे."

मग काय! काका मागून हात हलवत, ते बघून रुदेसिंदो हाक देई आणि सगळे बैल एकदम पाऊल टाकत. घर सुटलं. लाटा आमच्या मागं लागल्या होत्या, पण आम्ही पलीकडे पोहोचलो. काय आनंद झाला म्हणून सांगू!

संध्याकाळी अकॉर्डियन वाजलं, बटाटे आणि शिंपले वाफाळले. आमच्या गावात पहिलं ताट हाक देणाऱ्याचं. रुदेसिंदोनं ते घेतलं आणि थेट काकांपुढं ठेवलं.

"तुमचा हात दिसला, म्हणून मला हाक देता आली."

हल्ली मी दुसऱ्या रांगेत असतं आणि मजेत असतं. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला अधूनमधून तेल चोळत जा. आणि तुमच्यातलं कुणी आपण होऊन मागं गेलं, तर त्याचं ताट गार होऊ देऊ नका.