कुर्मय्याची खाट

कुर्मय्याभाओजी, तुमच्या खाटेवर आता मी झोपते.

उद्दानमात आपल्यासारखे किडनीवाले गल्लोगल्ली, आणि गावाच्या वाट्याला डायलिसिसच्या केंद्रात ही एकच खाट. ती रिकामी झाली की पुढे कोणाची, हे गावच ठरवतं. तुम्ही गेलात, रामाच्या देवळात माणसं बसली, माझं नाव निघालं. मी रडत होते. तुमच्यासाठीच.

बहुतेक.

*

उशीला तुमच्या डोक्याचा खळगा आहे.

"नीलवेणी, उशी नवी आहे अहो," सिस्टर म्हणाली.

मग खळगा कोणाचा?

*

सुया टोचायला दंडात शिरा जोडून दिल्यात ना, तिथं रक्त घुमतं. भुंगा कोंडल्यासारखं. तुमच्याही दंडात घुमायचं. तविटम्माअक्का त्याला कान लावून झोपायची. "बायकोला फुकटात रेडिओ मिळाला," म्हणायचात तुम्ही.

*

दहाव्याला बागेत कावळा पिंडाला शिवेना. अक्कानं काय काय कबूल केलं! धाकटीचं लग्न लावीन, गाय विकणार नाही, दिराशी भांडण मिटवीन. कावळे फांदीवर ढिम्म.

"जिवंतपणी पानात शीत टाकलं नाही या माणसानं, आणि आता नखरे!" असं म्हणून ती रिक्षात बसली, सुतकातच, आणि इथं आली.

मी यंत्राला जोडलेली. पळणार कुठं?

"ते घरी नाहीतच," अक्का म्हणाली. "आपल्या खाटेवर आहेत." आणि तिनं माझ्या दंडाला कान लावला.

"अक्का, सुया आहेत गं!"

"गप. बोलतायत."

"काय?"

"विचारतायत, बंगारराजूचं काय?"

बंगारराजू, तुमचा मुलगा. नारळावर सरसर चढायचा, हल्ली अर्ध्यात थांबतो. त्याचा रिपोर्ट तुम्हाला कुणी कळू दिला नव्हता, भाओजी. मग विचारलंत कसं?

"बाई, बाहेर व्हा आधी!" सिस्टर ओरडली.

अक्का हलेना. मला तर नुसती घुमघुम ऐकू येत होती. तरी तोंडून निघून गेलं, "भाओजी, माझ्यानंतर ही खाट बंगारराजूची. दुसऱ्या कुणाची नाही."

अक्काचा फोन वाजला. बागेतून दिराचा.

कावळा शिवला होता.

*

गावानं शब्द मानला.

आता बंगारराजूलाही यंत्र लागतं. विशाखापट्टणमला जातो. बसमध्ये उभ्यानं. परत आला की दारातच ओकतो, भिंतीला धरून बसतो.

अक्का मला भेटायला येते. माझी पावलं दाबून बघते, सुजेत खळगा किती पडतो.

"जेवण जातं?"

"जातं."

"दम लागतो?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणते. जरा थांबून म्हणते.

*

आज तिनं शहाळं आणलं. तोंड छाटून.

शहाळ्यानं आपल्यासारख्यांचं काळीज बंद पडतं. तुमच्या आजारपणात तिनं ते अंगणातसुद्धा येऊ दिलं नव्हतं.

"सगळं नको पिऊस," ती म्हणाली. "घोटभर. घसा ओला होईल." मग पदरानं डोळे टिपले, आणि माझ्याकडे न बघता गेली. बाहेर बंगारराजू पायरीवर बसला होता. तिनं त्याला काखेत धरून उठवलं.

मी प्याले नाही.

पण सिस्टर शहाळं उचलायला आली, तेव्हा म्हटलं, राहू दे.