पतंगांची संख्या : निरंक

“सर, पतंग उडवायला सरकारचं लायसन लागतं का?”

मी विचारलं अर्थात हिंदीत, माइकवर, बनारसच्या आमच्या अख्ख्या शाळेसमोर. मागे सतरंजीवर माझ्या मैत्रिणी कालिंदी आणि बकुळ हसू दाबून दाबून लाल झाल्या होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. कालिंदीचे वडील वकील. त्यांच्या कपाटातल्या विमानांच्या जुन्या कायद्यात तिला एक वाक्य सापडलं होतं. विमान म्हणजे हवेच्या आधाराने तरंगणारं कुठलंही यंत्र, आणि त्यात फुगे, ग्लायडर आणि पतंगही धरावेत. पतंगही!

“त्या साहेबाला विचार,” कालिंदी म्हणाली होती. “विचारलंस तर टमाटर चाट. नाही विचारलंस तर तू परत जुनी कस्तुरी.”

जुनी कस्तुरी म्हणजे हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानाही जिचा घसा बसायचा ती. दिवाळीआधी वादविवादाची ढाल जिंकले आणि ती बया मेली. तिला परत जिवंत करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मंचावर विमान खात्याचे निगमसाहेब होते. विमान सुरक्षा सप्ताह होता, म्हणून सफारी सूट घालून आमच्या शाळेत भाषण करायला आलेले. छतावर खरकटं टाकू नका, खरकट्याला पक्षी येतात, पक्षी विमानावर आदळतात, आणि विमान ही राष्ट्राची धरोहर आहे, हे सगळं त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं होतं. पान उलटताना जिभेला बोट लावत.

“पतंग खिलौना है, बिटिया,” ते हसले.

“मग कायद्यात विमानाच्या व्याख्येत पतंग कशाला लिहिलाय, सर?”

हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे मंचाच्या कोपऱ्यात कोणाला तरी शोधायला लागले. कोपऱ्यात त्यांचे हेडक्लार्क तक्ते धरून उभे होते आणि आपल्या चपलांकडे बघत होते. हेडक्लार्क म्हणजे बिंदुमाधव शेवडे. म्हणजे माझे बाबा.

‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ एवढं म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं. पण साहेबाला माहीत नाही असं कसं होईल? साहेब माइकजवळ वाकून म्हणाले, “आपका प्रश्न नोट कर लिया गया है. लिखित उत्तर दिया जाएगा.”

बाबांनी डोळे मिटले.

का मिटले ते घरी आल्यावर कळलं. “अगं, आमच्याकडे एकदा नोंदलं की ते जन्माला येतं,” ते आईला सांगत होते. “मग त्याचं बारसं, मुंज, लग्न, सगळं करावं लागतं.”

“आणि शेवटी मणिकर्णिका घाटावर अग्नी,” आई म्हणाली.

“फाइल कुठली मणिकर्णिकेला पोचते, आनंदी? फाइल अमर असते.”

बाबांच्या ऑफिसचं काम मला कधी नीट कळलंच नव्हतं. ते विमान उडवत नाहीत, उतरवत नाहीत, दुरुस्तही करत नाहीत. विमानतळाच्या आसपास काय काय घडलं ते छापील तक्त्यांत भरून लखनौला पाठवतात. लखनौवाले ते दिल्लीला पाठवतात. दिल्लीवाले काय करतात ते कोणालाच माहीत नाही. तक्त्यात रकाने असतात आणि रकाना मोकळा सोडायचा नसतो. काही घडलं नसेल तर लिहायचं ‘निरंक’. घडलं असेल तर पुढच्या रकान्यात कुठे, त्याच्या पुढच्यात कोणाच्या चुकीने, आणि त्याच्याही पुढच्यात काय कारवाई केली. म्हणून शहाणा माणूस निरंकच लिहितो. बाबांचं अक्षर सुंदर आहे आणि त्यांचा सर्वांत सुंदर शब्द निरंक आहे. झोपेत उठवून कागद पुढे केला तरी वळणदार लिहितील.

माझा प्रश्न लखनौला गेला. लखनौहून दिल्लीला. आणि ज्या दिल्लीहून बाबांच्या पत्रांना महिनोन्महिने उत्तर येत नाही, तिथून फॅक्स आला. आपल्या क्षेत्रातील पतंगांची संख्या कळवावी. मालकाचे नाव. उड्डाणाचा हेतू. उंची. अपघात झाल्यास तपशील. तीन प्रतींत. महिना, जानेवारी १९९५.

जानेवारीत! बनारसमध्ये! खिचडीच्या महिन्यात! आमच्याकडे ती संक्रांत, आई गूळपोळ्या करते, पण गल्लीत सगळे खिचडीच म्हणतात, आणि त्या दिवशी ब्रह्मा घाटापासून राजघाटापर्यंत आभाळ दिसत नाही, नुसते पतंग दिसतात. बाबा तक्ता, पेन आणि खाली जाड पुठ्ठा घेऊन गच्चीवर आले. मी मांजा घेऊन आधीच उभी होते.

“बाबा, तो लाल मोजलात?”

“कुठला?”

“तो नाही, त्याच्या वरचा. अरे यार, कटला! बाबा, आता तो विमान धरायचा की अपघात?”

बाबा खरंच विचारात पडले. मी शपथेवर सांगते, माझ्या वडिलांनी पेन ओठाला लावलं आणि विचार केला. मग म्हणाले, “दोन्हीकडे येईल.”

“मी कापला. माझं नाव लिहा. हेतू, सूड!”

शेजारच्या गच्चीवरून पोरं, पतंग कटला की ओरडतात तसं, ‘भक्काटा’ ओरडत होती. बाबांनी आभाळाकडे बघितलं. संख्या लिहिली तर मालकांची नावं लिहावी लागणार. मग त्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला आणि ‘पतंगांची संख्या’च्या पुढे वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक. त्याच वेळी माझा पतंग त्यांच्या डोक्यावर गरगरत होता.

मी इतकी हसले की आई पोळपाट सोडून वर आली.

पण ते हसू आठवडाभरच टिकलं. लखनौहून नवीन पत्र आलं. पतंग निरंक असतील तर पतंगाविषयी प्रश्न उपस्थित कसा झाला? प्रश्न खरा असेल तर तक्ता खोटा. तक्ता खरा असेल तर प्रश्न खोटा. दोन्हीपैकी काय ते कळवावे. आणि तक्ता खोटा ठरला तर खाली ज्याची सही आहे त्याचं स्पष्टीकरण मागवावे. सही बाबांची होती. आणि ज्या बढतीसाठी ते माझ्या लहानपणापासून वाट बघतायत, तिचा कागद त्याच महिन्यात निगमसाहेबांच्या टेबलावर होता.

साहेबांनी तोड काढली. तक्ता खराच राहू दे. प्रश्न विचारलाच गेला नव्हता असं मुलीने लिहून द्यावं.

शनिवारी शाळेनंतर बाबा मला स्कूटरवरून कॅन्टोन्मेंटला घेऊन गेले. ऑफिसात साहेबांनी माझ्यासाठी चहा आणि समोसा मागवला, इतके गोड झाले की मला समोशाचीच शंका आली. समोर टाइप केलेला कागद ठेवला. मी, कस्तुरी बिंदुमाधव शेवडे, असे लिहून देते की मी पतंगाविषयी कोणताही प्रश्न विचारला नव्हता, मी स्वच्छतेविषयी विचारले होते.

“पण सर, सगळ्या शाळेने ऐकलंय.”

“शाळा कागदावर थोडीच आहे, बिटिया?” साहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. सकाळच्या विमानावर उतरताना गिधाड आदळलं होतं. नव्या खाजगी कंपनीचं विमान. पुढची काच तडकली होती. माणसं सुखरूप होती.

बाबा उभेच होते, त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

“लिहून आलंय का?” साहेबांनी फोनमध्ये विचारलं. “नाही ना? मग कंपनीकडून येऊ दे लिहून. आलं तर बघू.” फोन ठेवला, रुमालाने बोटं पुसली आणि माझ्याकडे वळले. “हां, तो बिटिया. पतंग.”

मी पेन उचललं. बाबांकडे पाहिलं. ते परत चपलांकडे बघत होते, शाळेतल्यासारखेच. आणि मला एकदम सुचलं. हे लोक कशाला घाबरतात ते मला आता पाठ झालं होतं.

“सर, मी अल्पवयीन आहे. माझ्या एकटीची सही चालेल? आईवडील दोघांची लागेल ना? पुढे लखनौने हरकत घेतली तर?”

साहेबांच्या चेहऱ्यावर खराखुरा आदर दिसला. “शेवडेजी, लड़की होशियार है,” ते म्हणाले, आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. सोमवारी तिन्ही सह्यांनिशी आणायचा.

रात्रीच्या जेवणाला आईने कागद वाचला आणि भाताच्या पातेल्याखाली सरकवला, वाफ लागेल अशा बेताने.

“कागद ओला होईल,” बाबा म्हणाले.

“होऊ दे की.”

“कस्तू, एक सही आहे ग,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “मी लिहीनच ना खाली पालक म्हणून. कोणाचं काही नुकसान नाही. तुझं नाही, त्या पतंगांचंही नाही.”

“आणि गिधाडाचं? तो रकाना कोण भरणार? तुम्हीच ना? काय लिहिणार?”

बाबा भात कालवायला लागले.

“निरंक!” मी ओरडले. “बाबा, तुम्ही माणूसच निरंक आहात!”

“कस्तुरे!” आई म्हणाली.

पण शब्द गेला होता. बाबांनी भात कालवायचं थांबवलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “धावपट्टीच्या भिंतीमागे आसपासची गावं मेलेली जनावरं टाकतात. गिधाडं त्यावर येतात. ती जागा हलवा म्हणून मी दरवर्षी हिवाळ्यात लिहितोय. तक्त्यात नाही, वेगळ्या पत्रात, माझ्या नावाने.”

हे मला माहीतच नव्हतं.

“मग?”

“मग काय? जावक क्रमांक मिळतो. आतल्या माणसाचं पत्र म्हणजे आपल्याच घरातली कुरकूर, तिला कोण उत्तर देतं? उत्तर फक्त बाहेरून आत आलेल्या कागदाला द्यावं लागतं. पब्लिकचा प्रश्न. तो एकदा नोंदला की…”

ते मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं. मग पटकन ताटाकडे बघितलं, जणू काही बोललेच नव्हते.

“बोला की पुढे,” आई म्हणाली. “नोंदला की जन्माला येतो, असंच ना?”

“आनंदी, माझी बढती आहे त्या टेबलावर.”

“आहे ना. इतकी वर्षं निरंक लिहून मिळाली नाही, ती आता पोरीला खोटं लिहायला लावून मिळणार? आणि मिळालीच तर काय होणार, मोठ्या टेबलावर बसून मोठ्या अक्षरात निरंक?”

बाबा हसले नाहीत. पण पातेलं त्यांनीच उचललं, आईने नाही. खालचा कागद भिजून मऊ झाला होता, ‘विचारला नव्हता’वर पिवळा गोल उमटला होता. त्यांनी तो उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला, आणि खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. आपलं पेन ते कोणाला देत नाहीत. मला तर मुळीच नाही, मी टोक वाकवते.

मी हात धुऊन आले. सोमवारनंतर बाबांचं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पण जुनी कस्तुरी आता त्या घरात कुठेच नव्हती.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हणाले. “मी यावर सही करणार नाही. सोमवारी मी माझा वेगळा अर्ज देणार आहे, माझ्या अक्षरात, पब्लिक म्हणून, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. पहिलं वाक्य, पतंगाचा प्रश्न मीच विचारला होता. दुसरं वाक्य, आता माझा दुसरा प्रश्न नोंदवून घ्या, शनिवारी सकाळी विमानावर आदळलेलं गिधाड तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिलंत?”