सात नंबरचा भोंगा

हर्षदने दिशाच्या हातातली केबल काढून घेतली आणि कॉम्प्युटरच्या मागे पुन्हा जिथल्या तिथे खोचली.

“याला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “बाकीचे चाळीस उचला, जगबुडी नदीत नेऊन बुडवा, मला काही नाही. हा इथेच राहील. आहे तसा.”

दिशा पुण्याच्या हेड ऑफिसातून आली होती. लोटे गावच्या या रसायनांच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचे काम तिच्याकडे होते. चाळिसांचा निर्णय पुण्यातच झाला होता. एक्केचाळिसावा हा, कंट्रोल रूममधला. प्लांटमध्ये बसवलेले गॅसचे बारा सेन्सर त्याला जोडलेले होते. कुठे गॅस सुटला की याच्याच हुकमाने भोंगा वाजायचा. म्हणून याच्यापुरती कंट्रोल रूमच्या इनचार्जची, म्हणजे हर्षदची, सही हवी होती. फॉर्मवर दोन चौकोन होते, होय आणि नाही. खाली कारण लिहायला तीन ओळी.

“सर, जुन्या सिस्टीमला या महिन्यापासून सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. उद्या व्हायरस शिरला तर...”

“शिरू दे. व्हायरसने माझ्या माणसाची फुप्फुसं जाळलेली नाहीत. तुमच्या अपडेटने जाळली.”

दिशाने मान खाली घातली. आप्पा उतेकरांचे नाव तिला ठाऊक असावे. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते कोणी ना कोणी सांगतच असे, आणि बहुतेक वेळा सांगणारा हर्षदच असे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर अशीच नवी सिस्टीम टाकली होती. त्यावर रिअ‍ॅक्टरचे तापमान दिसायचे. एकोणतीस तारखेला सकाळी, ऐन बॅच चालू असताना, त्याला स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची हुक्की आली. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिले आणि ‘कृपया थांबा’ अशी अक्षरे. अकरा मिनिटे. शिफ्टची सगळी माणसे त्या चक्रासमोर उभी राहून शिव्या घालत होती. आप्पा तेवढे थांबले नाहीत. रिअ‍ॅक्टर तापू नये म्हणून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडायला ते सरळ वर गेले. वर झाकणाच्या सांध्यातली गॅस्केट फुटून गॅस कधीचाच सुटला होता. आप्पांना खाली आणले तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस होता. त्यानंतर त्यांनी कारखान्याचे फाटक पुन्हा पाहिले नाही.

चौकशी झाली. दोष अपडेटला लागला. अपडेटला कोण फाशी देणार? हर्षद मात्र ते विसरला नाही. दर रविवारी खेडला आप्पांच्या घरी जायचा, ऑक्सिजनच्या मशीनशेजारी बसायचा आणि ज्याने कोणी ती सिस्टीम बनवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आप्पा नुसते ऐकून घ्यायचे.

टेबलावरचा फोन वाजला. मॅनेजर रितेश साहेब होते.

“आंब्रे, सही करून टाका ना. पोरगी सकाळपासून ताटकळलीय.”

“ताटकळू दे. तुम्ही सही करा माझ्याऐवजी. आणि उद्या भोंगा वाजला नाही की वर जायलाही तुम्हीच या.” त्याने फोन आदळला. पेन उचलून ‘नाही’च्या चौकोनात अशी फुली मारायला घेतली की कागद फाटला असता.

“सर, एक मिनिट,” दिशा म्हणाली. “नाही लिहिलंत तरी बॅकअप मला घ्यावाच लागेल. नुसती कॉपी. काही बदलणार नाही.”

त्याने खुर्ची बाजूला घेतली, पण नजर तिच्या बोटांवरून हलवली नाही. तिने सेटिंगचे एक पान उघडले. बारा ओळी होत्या, एकाखाली एक. इतक्या वर्षांत त्या पानावर जायची वेळ कोणावर क्वचितच आली होती. रोज बघायचे ते आकडे, आणि ते समोरच्या पडद्यावर असायचे.

“सगळीकडे अलार्म चालू दिसतोय, मग सात नंबरचा बंद का?” तिने सहज विचारले.

“नीट वाचा. बंद नसणार.”

“बंदच आहे सर. सहा जुलै, दोन हजार तेवीस. पुढे एच. एम. ए. हे कोण?”

हर्षद उठला आणि तिच्या खांद्यावरून वाकून त्याने ती ओळ वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

सात नंबरचा सेन्सर रिअ‍ॅक्टरच्या डोक्यावर होता. पावसाळ्यात त्याच्यात ओल धरायची आणि भोंगा उगाचच बोंबलायचा. अपघाताच्या तेवीस दिवस आधी, त्या सहा जुलैला, तो सकाळपासून चौथ्यांदा वाजला तेव्हा हर्षदने वैतागून तो बंद केला होता. पाऊस उघडला की चालू करू म्हणून. ते राहूनच गेले, आणि चौकशीतही भोंगा का वाजला नाही हे कोणी विचारले नाही.

“काही चुकलं का माझं?” दिशाने विचारले.

हर्षदने कपाटातून सेन्सर तपासायच्या टेस्ट गॅसची बाटली काढली, मास्क चढवला आणि बाहेर पडला. काचेतून दिशाला तो लोखंडी जिना चढताना दिसला. रिअ‍ॅक्टरच्या डोक्याशी जाऊन त्याने बाटलीची नळी सेन्सरला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

“आकडा चढला?” त्याने विचारले.

“साठपर्यंत.”

“आणि भोंगा?”

दिशाने मान हलवली. “नाही वाजला.”

हर्षदने पासवर्ड टाकला आणि सातव्या ओळीचा अलार्म चालू केला. मग फॉर्म पुढे ओढला. ‘होय’वर खूण केली आणि तिन्ही ओळी अटींनी भरून टाकल्या. प्लांट पूर्ण बंद असताना. बाराही सेन्सरना गॅस लावून, भोंगा कानाने ऐकून. जुनी कोणतीही सेटिंग नव्यात न आणता. खाली सही केली.

“त्या पानाची प्रिंट काढा,” तो म्हणाला. “मघाशी होती तशी, बॅकअपमधली. दोन प्रती. एक रितेश साहेबांच्या हातात द्या. माझं नाव सांगून द्या.”

तीन वाजता शिफ्ट सुटली. कंपनीच्या बसमधून तो खेडला उतरला आणि आप्पांच्या घरापर्यंत चालत गेला. दार आप्पांच्या बायकोने, गोदूबाईंनी उघडले.

“आज बुधवारी कसे काय भावोजी?”

“आप्पांशी बोलायचंय, वहिनी.”

आप्पा खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकात नळी होती. हर्षदने खिशातला कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवले. काय झाले ते उभ्यानेच सांगितले. रडला नाही, माफीही मागितली नाही.

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मशीन घरघरत राहिले.

“म्हणजे तो वाजला असता,” ते म्हणाले.

“हो.”

“मी जिन्याखालीच थांबलो असतो. मास्क घेतला असता.”

“हो.”

“मेल्या!” आप्पांचा आवाज इतका मोठा निघाला की गोदूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “दर रविवारी माझ्या उशाशी बसून तू कोणाला रे शिव्या देत होतास? कंपनीला? त्या सिस्टीमवाल्याला? मी नुसता ऐकत राहिलो. म्हटलं, ज्याला तोंडच नाय त्याला काय बोलायचं! आतल्या आत कुजलो मी. रात रात छातीवर दगड घेऊन... आणि तू... तू...”

पुढचे शब्द खोकल्याने ओढून नेले. गोदूबाई त्यांची पाठ चोळू लागल्या. “जा तुम्ही आता,” त्या हर्षदकडे न बघता म्हणाल्या.

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी वाकून चपला शोधत होता तेव्हा मागून आवाज आला.

“हर्षद.”

आप्पांनी गोदूबाईंचा हात बाजूला सारला होता. चेहरा लालभडक झाला होता. एकेका शब्दाला श्वास घेत ते म्हणाले, “आज दम पुरत नाय. रविवारी ये. उरलेलं ऐकून जा.”