दोन दिवसांचा कागद

शिवांजली माहेरी अणदूरला येऊन सात महिने झाले होते आणि सोमवारी दोन्हीकडची मोठी माणसं बसून फारकतीचं ठरवणार होती. बैठकीला चार दिवस उरले असताना, गुरुवारी दुपारी, तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"शनिवार-रविवार चलशील का?" अमरसिंह म्हणाला. "सोलापूरच्या पुढं धरणाच्या पाण्यात एक बेट हाय. दोन खोल्या, बाकी नुसती झाडं. पाऊस संपलाय, पाणी काठोकाठ हाय. होडीवाला नेऊन सोडतो. आपण दोघंच."

ती अंगणात सोयाबीन पसरत होती. ऊन पाठीला चटके देत होतं.

"तिथं काय करायचं?"

"बोलायचं."

"सहा वर्षांत न्हाय बोललात, ते?"

उमरग्याजवळच्या त्याच्या घरात चौदा माणसं होती आणि त्या चौदांत अमरसिंहाचा आवाज तिनं क्वचितच ऐकला होता. थोरल्या दिरानं शाळेत फोन करून तिची बालवाडीची नोकरी परस्पर सोडवली, तेव्हाही तो ताटातल्या भाकरीकडं बघत बसला होता. बत्तीस पोरं होती तिच्या वर्गात. त्यातली दोन नुकतीच कुठं रडायची थांबली होती.

"घरात कुणी ना कुणी मधी येतंच," तो म्हणाला. "तिथं कुणी येणार न्हाय. फोनपण लागत न्हाय."

"आणि मला परत यायचं झालं, तर पोहत येऊ व्हय?"

तो गडबडला. "होडीवाल्याला सांगून ठेवतो. सकाळ-संध्याकाळ चक्कर मारंल."

"तुम्ही नका सांगू. नंबर द्या, मीच बोलते."

होडीवाला फोनवर हसला. "ताई, जोडपी येतात ती म्हणतात, लवकर येऊ नका. लवकर या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

घरात तिच्या आईनं, विठाबाईंनी, हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "येडी झालीस का गं? एक रात्र त्याच्यासंगं राहिलीस, की नांदायला गेलीस. सोमवारी ते म्हणतील, पोरगी तर आपल्या पायानं आली होती, मग भांडण कशाचं? तुझ्या बापानं काय बोलायचं मग?"

आई खोटं बोलत नव्हती. या भागात हिशेब असाच धरतात. पण गेलं नाही, तर सोमवारी सगळे एकमेकांवर ओरडतील, कागदावर अंगठे आणि सह्या होतील आणि त्या माणसाच्या पोटात काय होतं, हे तिला जन्मात कळणार नव्हतं.

"आई, फारकत द्यायची तर माणूस बघून देईन," ती म्हणाली. "घर बघून न्हाय."

तिचे वडील बळभीम दारात बसून दोरी वळत होते. ते मान वर न करताच म्हणाले, "आपला खंडोबा नळदुर्गाला नेतात, तवा काय करतात?"

"आता देवाला कशाला मधी आणताय?" विठाबाई म्हणाल्या.

"नळदुर्गकर लिहून देतात. कवा नेला, कवा परत आणणार. दोन्ही गावची माणसं सह्या करतात. मूर्ती एकच, देव दोन्हीकडचा, भांडण न्हाय, तरी कागदाबिगर कुणी उचलत न्हाय. मग पोरीचंच तेवढं तोंडी का?"

शिवांजलीनं वहीचं पान काढलं आणि मुलांना पाटीवर घालून द्यायची तशा ठळक अक्षरांत लिहिलं: शनिवारी सकाळी आठ ते सोमवारी सकाळी नऊ. शिवांजली दोन दिवसांसाठी सोबत येत आहे. याला नांदायला जाणं समजू नये. बैठकीत हा मुद्दा काढू नये. खाली बळभीमांनी एक ओळ घालायला लावली: ती म्हणेल तेव्हा परत आणून सोडीन.

"आन किती लुगडी नेली तेपण लिवा," विठाबाई फणकारल्या.

तिनं फोनवर सगळं वाचून दाखवलं. अमरसिंह म्हणाला, "सही करीन." पण आवाज दबका होता, शेजारी कुणी असावं तसा. शुक्रवार सगळा तिनं तो दबका आवाज डोक्यात घेऊन काढला.

शनिवारी आठाला जीप आली. पुढं चालवायला थोरला दीर होता, युवराज.

शिवांजलीच्या हातातली पिशवी जड झाली.

युवराज उतरला, बळभीमांच्या पाया पडला, ओट्यावर साडी आणि पेढ्यांचा पुडा ठेवला. "मामा, सून अशी एकट्यानं न्यायची न्हाय आमच्यात. मोठ्या माणसानं रीतीनं यायला पाहिजे, म्हणून आलो. आधी घरी चला. आई वाट बघतीय. जेवून दुपारनं जाऊ द्या त्यांना कुठं जायचं तिथं."

तो वाईट हेतूनं बोलत नव्हता. आपण मान दिला असंच त्याला वाटत होतं आणि त्यामुळं त्याला अडवणं आणखी कठीण होतं.

बळभीमांनी कागद आणि पेन पेढ्यांशेजारी ठेवलं.

युवराजनं वाचलं. "हे काय? बायको न्यायला नवऱ्यानं चिठ्ठी? मंडपाची भांडी न्यायला आलोय का आमी?"

"आमच्याकडं देव नेताना देतात," बळभीम म्हणाले.

"देवाचं येगळं. अमऱ्या, बस गाडीत. काय ते सोमवारीच बघू."

अमरसिंह जीपचं दार धरून उभा होता. कान लाल झाले होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. शिवांजलीला हे चांगलं माहीत होतं. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असतं, ते जिभेवर आलेलं असतं आणि बाईनं पहिलं अक्षर सांगितलं की ते घडाघडा बोलतं. पण ते उत्तर मग त्याचं राहत नाही. तिनं कधी पहिलं अक्षर सांगितलं नव्हतं. थांबायची. आत्ताही ती थांबली.

युवराजनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

अमरसिंहानं दार सोडलं. तो ओट्यावर येऊन बसला आणि पेन उचललं. ते उमटेना. त्यानं तळव्यावर चार रेघा ओढल्या.

"काय करायलास?" युवराज ओरडला.

"सही."

"आईला काय सांगू मी?"

"सांगा, अमरनं सही केली." वाक्याच्या मध्यात आवाज फाटला, पण त्यानं वाक्य पुरं केलं आणि कागदाखाली नाव लिहिलं.

"गाडी मिळायची न्हाय मग."

"यष्टीनं जातो."

साडी-पेढे परत उचलणं युवराजलाही रीतीत बसेना. जीप धूळ उडवत उमरग्याच्या वाटेला लागली.

फाट्यावर दोघं दोन हातांचं अंतर ठेवून उभे राहिले. त्यानं तिची पिशवी घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाही.

"बरोबर केलं ना मी?" त्यानं विचारलं.

उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. "मला नका विचारू," ती म्हणाली. "दोन दिवस हायेत. तुमचं तुम्ही सांगा."

सोलापूरची गाडी भरून आली. एकच जागा होती. ती बसली. तो वरची दांडी धरून तिच्या शेजारी उभा राहिला आणि नळदुर्ग येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.